०.८, १.२ की २.२? प्रोटीनचा आपला आकडा कसा काढायचा

एकाच दिवसात मला तीन जणांनी तीन आकडे सांगितले. आई आजारपणातून उठली होती, डिस्चार्जच्या वेळी डाएटिशियन म्हणाल्या की रोज वजनाच्या दर किलोला १.२ ग्रॅम प्रोटीन तरी पोटात गेलं पाहिजे. तिथेच बाकावर एक माहितीपत्रक पडलं होतं, त्यात लिहिलं होतं की माणसाला किलोला ०.८ ग्रॅम पुरतं. आणि रात्री जेवताना भाचा, जो सहा महिने झाले जिमला जातोय आणि तेव्हापासून सगळ्या घराचा आहारतज्ज्ञ झालाय, तो म्हणाला मामा, २.२ च्या खाली काही अर्थच नाही. आता माझं वजन ७० किलो धरा, म्हणजे पत्रकाच्या हिशोबाने ५६ ग्रॅम, डाएटिशियनच्या ८४ आणि भाच्याच्या १५४. पावणेतीन पट फरक! बरं तिघांपैकी कुणीही थापा मारत नव्हतं, हे नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं. तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते आणि मी मात्र प्रश्न एकच आहे असं धरून बसलो होतो.

आधी मुळात रोज का लागतं ते बघू, तेवढं डोक्यात बसलं की पुढचे आकडे सोपे जातात. जास्तीची चरबी अंगावर साठते, ते आपल्याला कुणी सांगायला नको. पिष्टमय पदार्थांचाही थोडा साठा लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये राहतो. प्रोटीनला असं गोडाऊनच नाही. ७० किलोच्या माणसाच्या अंगात १०-११ किलो प्रोटीन असतं खरं, पण ते सगळं कुठे ना कुठे ड्युटीवर असतं, कुणी स्नायूत, कुणी कातडीत, कुणी रक्तात ऑक्सिजन वाहतंय, कुणी जंतूंशी मारामारी करतंय. आणि हे सगळं सतत मोडत आणि परत बांधलं जात असतं, दिवसाला २५०-३०० ग्रॅम. म्हणजे आपण खातो त्याच्या तीन-चार पट माल शरीर रोज आतल्या आत फिरवतं.

जुनी भिंत पाडून नवी बांधताना जुन्या विटा परत वापरतात ना, तसंच आहे हे. या विटा म्हणजे अमिनो ॲसिड्स. बऱ्याचशा परत वापरल्या जातात, पण काही फुटतात, काही सरपण म्हणून जळतात आणि त्यांच्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो, थोडं केस, नखं, कातडी, आतड्याचं अस्तर यातून झडतं. ही रोजची तूट बाहेरून भरावी लागते. नाही भरली तर शरीर हात पसरून बसत नाही, ते सरळ स्नायू मोडायला काढतं, कारण हृदय, लिव्हर, रोगप्रतिकार यांचं काम थांबवून चालत नाही आणि मांडीचा स्नायू थोडा बारीक झाला तर लगेच कुणाला कळत नाही.

तर ही तूट नेमकी किती हे मोजण्यातून ०.८ आलं.

मोजण्याची पद्धत ऐकायला जरा किळसवाणी आहे पण हुशारीची आहे. प्रोटीनमध्ये वजनाच्या साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, चरबीत आणि साखरेत जवळजवळ नसतोच. म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणलं की प्रोटीन मिळालं. आता माणसाला मोजून-मापून ठरावीक जेवण द्यायचं आणि त्याची सगळी लघवी, सगळी विष्ठा जमा करायची, काही प्रयोगांत तर घाम आणि केससुद्धा, आणि बघायचं की आत गेलेला नायट्रोजन आणि बाहेर आलेला नायट्रोजन यांचा ताळेबंद जमतो का. बाहेर जास्त येत असेल तर माणूस भांडवल खातोय. प्रोटीन हळूहळू वाढवत न्यायचं, ज्या आकड्याला जमा-खर्च बरोबर जुळतो ती त्या माणसाची किमान गरज.

असे बरेच प्रयोग एकत्र करून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात मांडलं गेलं की निरोगी प्रौढ माणसाची सरासरी गरज किलोला ०.६६ ग्रॅम आहे. पण सरासरी म्हणजे निम्म्या लोकांची गरज त्याहून जास्त असणार, म्हणून वर थोडी भर टाकून जवळजवळ सगळ्यांना (९७.५ टक्के लोकांना) पुरेल असा आकडा काढला, ०.८३. अमेरिकेतला याच प्रकारचा किमान आकडा ०.८ आहे, एकाच कुळातला. म्हणजे या आकड्याने उत्तर दिलेला प्रश्न असा होता: धडधाकट, तब्येतीने ठीक, पोटभर जेवणाऱ्या माणसाची तूट भरून निघायला कमीत कमी किती लागतं? स्नायू वाढवायला किती, म्हातारपणी ताकद टिकवायला किती, ऑपरेशननंतर जखम भरायला किती, हे त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं. परीक्षेत ३५ ला पास होतात म्हणून कुणी ३५ चंच टार्गेट ठेवत नाही, तसं हे ०.८ आहे. पासिंग.

त्यातही पद्धतीत एक गोम आहे. ताटात उरलेले कण, भांड्याला चिकटलेलं, हे खाल्लं असं धरलं जातं, आणि घाम-नखं-केस यातलं बरंचसं निसटतं. म्हणजे जमा थोडी जास्त दिसते आणि खर्च थोडा कमी, साहजिकच गरज आहे त्यापेक्षा कमी वाटते. नंतर एक वेगळी पद्धत आली ज्यात एक खूण केलेलं अमिनो ॲसिड देऊन ते शरीरात किती जळतं ते श्वासातून मोजतात, त्या पद्धतीने २००७ मध्ये सरासरी गरज ०.९३ आणि जवळजवळ सगळ्यांना पुरेल असा आकडा १.२ निघाला. यावर अजून तज्ज्ञांत वाद चालू आहेत, मी त्यात पडत नाही, पण एवढं नक्की की ०.८ ही काही दगडावरची रेघ नाही.

आणि आकडे वर-खाली होण्याची ही पहिली वेळही नाही. १९ व्या शतकात जर्मनीत कार्ल फोइट नावाचा मोठा शास्त्रज्ञ होता, त्याने कष्ट करणारे लोक काय खातात ते बघून माणशी दिवसाला ११८ ग्रॅम असा आकडा दिला. म्हणजे लोक जे खात होते तीच गरज असं धरलं. मग १९०४ च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठातल्या रसेल चिटेंडनने स्वतःवर, सहकाऱ्यांवर, सैनिकांवर आणि कॉलेजातल्या खेळाडूंवर प्रयोग करून दाखवलं की याच्या निम्म्यातही माणसं ठणठणीत राहतात, स्वतः तर तो दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास होता आणि वर सांगायचा की माझं गुडघ्याचं दुखणं गेलं. मग १९५०-६० च्या दशकांत परत लंबक दुसरीकडे, गरीब देशांत प्रोटीनची भयंकर टंचाई आहे म्हणून मोठमोठ्या योजना, खास प्रोटीनयुक्त पदार्थ बनवण्याची धावपळ, आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन या पोषणतज्ज्ञाने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की हा सगळा फज्जा आहे, मुलांना आधी पोटभर अन्नच मिळत नाहीये. मला हे सगळं वाचताना मजा वाटली कारण आत्ता परत लंबक वर आहे, पाण्याच्या बाटलीवर सुद्धा प्रोटीन लिहायला लागलेत.

मॅक्लारेनचा मुद्दा मात्र घरगुती पातळीवर पण खरा आहे आणि डाएटिंग करणारे हमखास विसरतात. एकूण जेवणच कमी पडलं, म्हणजे कॅलरीच कमी, तर शरीर प्रोटीन सरपणासारखं जाळतं. किंमती सागवानाचं फर्निचर चुलीत घालावं तसं. म्हणून वजन कमी करायला निघालेल्या माणसाला प्रोटीन उलट जास्त लागतं, साधारण १.२ ते १.६, नाहीतर काट्यावर जे किलो कमी दिसतात त्यात स्नायूपण बराच असतो. शिवाय प्रोटीनने पोट भरल्यासारखं वाटतं हा वरचा फायदा.

आता भाच्याकडे वळू. त्याचा २.२ कुठून आला? दोन ठिकाणांहून. एक म्हणजे इंग्रजी व्हिडिओत सगळे म्हणतात वजनाइतकं प्रोटीन खा, पाउंडाला एक ग्रॅम. एका किलोत २.२ पाउंड, झालं, २.२. गोल आकडा, लक्षात ठेवायला सोपा, म्हणून चालतो. दुसरं म्हणजे २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला, वजनं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांवरचे ४९ प्रयोग, मिळून १८६३ माणसं, सगळं एकत्र करून बघितलं की प्रोटीन कुठपर्यंत वाढवलं की स्नायू जास्त वाढतो. उत्तर आलं १.६. त्याच्या पुढे प्रोटीन वाढवत गेलं तरी फायदा तिथेच थांबल्यासारखा दिसला. पण असल्या हिशोबात अनिश्चितता असते, ती १.०३ पासून २.२० पर्यंत पसरली होती, आणि जिमवाल्यांनी त्यातलं वरचं टोक उचललं. एखाद्याने सांगावं ट्रेन चार ते सहाच्या दरम्यान येईल, बहुतेक पाचला, आणि आपण सगळ्यांना सांगत सुटावं की ट्रेन सहाची आहे, तसलं काहीतरी.

आणि त्याच अभ्यासातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. जास्तीच्या प्रोटीनमुळे स्नायूत जी भर पडली ती काही आठवड्यांच्या व्यायामानंतर सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती, व्यायामामुळे जे वाढलं ते याच्या कितीतरी पुढे. म्हणजे मुख्य काम वजनं उचलण्याचं, प्रोटीन हे त्याचं सामान. गवंडीच आला नाही तर दारात विटांचे ढीग टाकून काय होणार! जे जिमला जात नाहीत, पळत नाहीत, आणि नुसतं प्रोटीन वाढवून अंग भरेल असं समजतात त्यांच्यासाठी हे सांगतोय. जास्तीचे अमिनो ॲसिड्स जळतात, किंवा एकूण खाणं जास्त असेल तर शेवटी चरबीच होते. प्रोटीनच्या ग्रॅमलासुद्धा ४ कॅलरी असतातच, साखरेइतक्याच.

आता आई. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण जिमवाल्या पोरांना प्रोटीन कमी पडण्याची भीती उगाच असते आणि ज्यांना खरंच कमी पडतं ते गप्प बसून चहाबिस्कीट खात असतात. वय वाढतं तसं स्नायू जेवणाला कमी दाद द्यायला लागतात. तरुण माणसाने एका वेळी २० ग्रॅम प्रोटीन खाल्लं की स्नायू बांधायचं काम जोरात सुरू होतं, तेवढंच सत्तरीतल्या माणसाने खाल्लं तर यंत्रणा अर्धवट जागी होते, तिला जास्त मोठा धक्का लागतो. म्हणून २०१३ मध्ये म्हातारपणातल्या प्रोटीनवर तज्ज्ञांच्या एका गटाने शिफारस केली की ६५ च्या पुढच्यांनी १.० ते १.२ घ्यावं, आणि आजारी किंवा आजारातून उठलेल्यांनी १.२ ते १.५. डाएटिशियनबाईंचा १.२ इथला होता.

आईचं वजन ५२ किलो. म्हणजे ६२ ग्रॅम. मी म्हटलं, अरे ती व्यवस्थित जेवते की, होत असेल तेवढं. मग एक दिवस वही घेऊन बसलो. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, चहातलं दूध धरून ३ ग्रॅम. नंतर बटर लावलेले ब्रेडचे दोन स्लाइस, ५. दुपारी भात, पातळ डाळ, भाजी, मिळून १०. संध्याकाळी परत चहा आणि एक फळ, ३. रात्री भाज्यांचं सूप आणि एक स्लाइस, ५. झोपताना २०० मिली दूध, साडेसहा. बेरीज केली, साडेबत्तीस. निम्म्याच्या जरा वर! आणि हे भूक चांगली असलेल्या दिवशी. हॉस्पिटलातल्या अंथरुणावर काढलेले दिवस वेगळेच, झोपून राहिलं की स्नायू असा वितळतो की बघवत नाही, ती घरी आली तेव्हा खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी दांडे दाबून उठत होती, आधी तसं नव्हतं.

बदल काय केले तर काही भारी नाही. सकाळी एका स्लाइसऐवजी दोन अंडी आली, एका अंड्यात ६ ग्रॅम, म्हणजे चहा आणि उरलेला स्लाइस धरून १६. दुपारची डाळ घट्ट केली, मोजून ४० ग्रॅम कोरडी डाळ, शेजारी दह्याची वाटी, १८ झाले. संध्याकाळी बारीक केलेले शेंगदाणे, मूठभर, ७. रात्री माशाचा एक बरा तुकडा, शिजलेला ७५-८० ग्रॅम, १७. दूध तसंच. ६४ च्या पुढे गेलं. रोज जमतं असं नाही, कधी ५० वरच अडतं. आणि सोबत फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून हात न लावता उठायचं-बसायचं सांगितलंय, दहादहा वेळा, ते ती करते, कुरकुरत करते. गवंडी तिथेही लागतोच.

हे मोजताना माझ्या स्वतःच्या इतक्या चुका झाल्या की त्या सांगायलाच हव्यात. पहिली आणि सगळ्यांची लाडकी: १०० ग्रॅम चिकन खाल्लं म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन. नाही हो. कच्च्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २२-२३ ग्रॅम प्रोटीन, बाकी बहुतेक पाणी. आणि तेच शिजवलं की पाणी उडून वजन ७५ च्या आसपास येतं, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ३० दिसतं. डाळीचं बरोबर उलटं. कोरड्या १०० ग्रॅम डाळीत २४ ग्रॅम प्रोटीन, वाचून आपण खूष, पण शिजताना ती पाणी पिते आणि शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ९ च उरतं, आणि तेही घट्ट असेल तर. मी वाटीभर डाळ म्हणजे १५ ग्रॅम तरी धरत होतो. काट्यावर मोजलं तर आमच्या चौघांच्या डाळीत मिळून १०० ग्रॅमच कोरडी डाळ पडत होती, म्हणजे माणशी ६ ग्रॅम, बाकी पाणी. म्हणून एकदा तरी कोरडं वजन करून बघा, नंतर अंदाज येतो, रोज काटा काढत बसायची गरज नाही.

बदामाचंही तसंच, १० बदाम म्हणजे १२ ग्रॅमभर, त्यात अडीच ग्रॅम प्रोटीन. पीनट बटरचा चमचा, १६ ग्रॅमचा धरला तर ४ ग्रॅम प्रोटीन आणि ९५ च्या आसपास कॅलरी, तो मुळात चरबीचा पदार्थ आहे, चांगल्या चरबीचा, पण चरबीचाच. पाकिटावर ‘हाय प्रोटीन’ लिहिलेलं वाचण्यापेक्षा मागच्या बाजूला दर १०० ग्रॅमला किती आणि आपण खाणार किती हे बघावं, ३० ग्रॅमच्या बिस्किटाच्या पुड्यात २५ टक्के प्रोटीन असलं तरी साडेसातच ग्रॅम होतात.

दुसरी चूक वजनाची. कुठल्या किलोला गुणायचं? एखाद्याची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ११० किलो असेल तर ११० ला १.६ ने गुणून १७६ ग्रॅम काढणं चूक आहे, चरबीला प्रोटीनची फारशी गरज नसते. त्या उंचीला निरोगी वजनाची वरची मर्यादा ६८ किलो येते, तो आकडा धरून हिशोब केला की १०९ येतं, जे माणसाला खाता येण्यासारखं आहे.

शाकाहारी लोकांचा हमखास प्रश्न असतो की आमचं प्रोटीन कमी दर्जाचं का? शरीराला लागणाऱ्या २० अमिनो ॲसिड्सपैकी ९ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच हवीत. त्यातलं लायसिन धान्यात कमी असतं, मेथिओनिन डाळींमध्ये कमी, आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे एकाच ताटात व्हायला पाहिजे असं पूर्वी सांगायचे, ते आता मागे पडलंय, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं. सोयाबीन तर एकट्यानेच बरंच निभावतं. फक्त वनस्पतीतलं प्रोटीन थोडं कमी पचतं म्हणून पूर्ण शाकाहारी, दूधही न घेणाऱ्यांनी आकडा थोडा चढा धरावा. आणि हो, कोलॅजन पावडर प्रोटीनच्या हिशोबात धरू नका, त्यात ट्रिप्टोफॅन हे ९ पैकी एक औषधालाही नसतं, कातडीसाठी घेत असाल तर तुमची मर्जी.

एका वेळी ३० ग्रॅमच पचतं, बाकी वाया जातं, हेही ऐकलं असेल. पचतं सगळंच. जुन्या प्रयोगांत दिसलं होतं की २०-२५ ग्रॅमनंतर स्नायू बांधायचा वेग वाढत नाही, त्यावरून हे पसरलं, पण ते प्रयोग थोड्या तासांचे असायचे. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम देऊन १२ तास मोजत बसले तेव्हा दिसलं की शरीर ते सावकाश, जास्त वेळ वापरत राहतं. तेव्हा घड्याळ लावून तीन तासांनी खायची गरज नाही. म्हाताऱ्या माणसांना मात्र वाटून दिलेलं बरं, कारण एका वेळी तेवढं त्यांना जातच नाही.

पावडर? व्हे म्हणजे चीज करताना वेगळं होणारं पाणी, तेच गाळून, सुकवून, भुकटी केलेली. एका स्कूपमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम. अन्नातून होत असेल तर गरज नाही, होत नसेल तर सोयीची आहे, त्यात पाप पण नाही आणि चमत्कार पण नाही. फक्त विश्वासाची घ्या, कारण मगाशी सांगितलेल्या नायट्रोजनच्या मोजणीतच फसवणुकीची फट आहे. टेस्टमध्ये प्रोटीन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात, मग नायट्रोजनवाली दुसरी कुठलीही वस्तू टाकली तरी आकडा वाढतो. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन टाकलं होतं ते यासाठीच, प्लास्टिकच्या कामाचं केमिकल, नायट्रोजन भरपूर. जवळजवळ ३ लाख बाळं आजारी पडली, सहा गेली. सहा दगावल्याची ही नोंद सरकारी आहे.

लहान मुलं, गरोदर बायका यांचं थोडक्यात: एक ते तीन वर्षांच्या मुलाला किलोला १.०५, मग वय वाढेल तसा आकडा उतरत जातो, गरोदरपणात १.१, अंगावर पाजणाऱ्या आईला १.३. बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, माझ्याकडून घेऊ नका.

किडनीचं मात्र थांबून वाचा. ज्यांची किडनी चांगली आहे त्यांनी १.६ पर्यंत खाल्ल्याने ती खराब होते असं प्रयोगांत दिसलेलं नाही, ही भीती बरीचशी उगाच आहे. पण किडनी आधीच कमजोर असेल तर गोष्ट पूर्ण बदलते, युरिया बाहेर टाकायचं काम तिचंच, तिथे डॉक्टर प्रोटीन मुद्दाम मर्यादित ठेवतात, ०.८ किंवा काही वेळा त्याहूनही खाली. आणि डायलिसिस सुरू झालं की परत उलटं, त्यात अमिनो ॲसिड्स निघून जातात म्हणून आकडा १.० ते १.२ वर जातो. दोघेही किडनीचे पेशंट, दोघांना सल्ला उलटसुलट, त्यामुळे शेजारच्या पेशंटचं ऐकून काही करायचं नाही. डायबेटिस, बीपी असणाऱ्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कसं काम करतेय ते कळतं) आणि लघवीतून प्रोटीन जातंय का हे तपासून घ्यावं. आईचं वाढवायच्या आधी आम्ही ते केलं होतं.

भाच्याला मी हे सगळं ऐकवलं. त्याचं वजन ६८ किलो, १.६ ने १०९ ग्रॅम होतात. त्याचं दोन दिवसांचं खाणं वहीत मांडलं तर पावडर न धरताच ९८ आणि १०४ आलं. तो थोडा वेळ वहीकडे बघत बसला, मग म्हणाला पण डबा तर नवीन आणलाय. आता त्यातला एक स्कूप आजीच्या रात्रीच्या दुधात जातो, मासे नसतात त्या दिवशी.